पाण्याचा प्रवास, मुलांचा प्रवास

शाळेच्या नव्या आवाराचा विषय गेल्या काही पालकसभांत सतत निघतो आहे. सध्याची जागा अपुरी पडते, मैदान नाही, वर्गात दाटी होते, हे सर्वांनाच मान्य आहे. शहराबाहेर, टेकडीच्या कडेची एखादी मोठी जागा घ्यावी असे एक मत आहे. त्या जागेचे जे चित्र सभेत रंगवले जाते त्यात दोन गोष्टी हमखास असतात. एक म्हणजे इमारतीसमोरची हिरवीगार लॉन आणि दुसरी म्हणजे फाटकाशी ओळीने उभ्या असलेल्या पिवळ्या बसगाड्या. माझे म्हणणे या दोन गोष्टींपुरतेच आहे. नवी जागा घेऊच नये असे मी म्हणत नाही. घ्यायचीच असेल तर या दोन्ही गोष्टींचा हिशेब आधी मांडावा, एवढीच विनंती आहे.

वरवर पाहता बाग आणि बस यांचा एकमेकांशी संबंध नाही. एक विषय बाग समितीचा, दुसरा वाहतूक समितीचा. परंतु कोरड्या, खडकाळ मुलखात या दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न असतो, तो म्हणजे अंतर. जे जवळ नाही ते लांबून आणावे लागते. हिरवळीसाठी पाणी लांबून आणायचे आणि वर्ग भरण्यासाठी मुले लांबून आणायची. दोन्हींचा खर्च रोजचा असतो आणि जमीन घेताना तो खरेदीखतात कोठेच लिहिलेला नसतो.

आपला मुलूख कसा आहे?

आपल्यापैकी बऱ्याच घराण्यांची मुळे मराठवाड्यात आहेत. १९५६ पर्यंत तो भाग हैदराबाद राज्यातच होता. तेथून रेल्वेने येताना जमिनीचा रंग बदलतो हे मुलांनी पाहिले असेल. मराठवाड्यातला काळा पाषाण लाव्हारसाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. हैदराबादभोवतीचा करडा-गुलाबी ग्रॅनाइट मात्र सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा आहे. गोवळकोंडा याच दगडावर उभा आहे. एकावर एक रचून ठेवल्यासारखे दिसणारे मोठमोठे धोंडे कोणी रचलेले नाहीत. जमिनीखाली खडकाच्या भेगांतून पाणी झिरपत राहिले, भेगांलगतचा दगड कुजून त्याचा मुरूम झाला, मधला टणक भाग गोलसर होऊन शिल्लक राहिला आणि पुढे वरची माती वाहून गेल्यावर तो उघडा पडला.

या खडकाचा पाण्याशी असलेला व्यवहार समजून घेतला पाहिजे. अखंड ग्रॅनाइटमध्ये पाणी मुरत नाही. ते साठते फक्त वरच्या कुजलेल्या थरात आणि खालच्या भेगांमध्ये. म्हणून एका बोअरला पाणी लागते आणि पंचवीस पावलांवरची दुसरी कोरडी जाते. पाऊस वर्षाला सरासरी ८०० मिलिमीटरच्या आसपास पडतो, पण त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले महिने जमिनीने साठवले असेल त्यावर काढायचे असतात.

शहराची वाढ या साठ्याच्या कितीतरी पुढे गेली. १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरानंतर उस्मान सागर, म्हणजे आपला गंडीपेट तलाव, १९२० मध्ये पूर्ण झाला आणि हिमायत सागर १९२७ मध्ये. एके काळी या दोन तलावांवर शहराची तहान भागत होती. आज नळाला येणारे बरेचसे पाणी कृष्णा आणि गोदावरीचे असते. ते शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावरून, पंपांनी वर चढवून आणावे लागते. म्हणजे आपल्या नळाचे पाणीसुद्धा रोज लांबचा प्रवास करून कामावर येते.

लॉनचा हिशेब

विद्यार्थी मित्रांनो, हा हिशेब तुम्ही वहीत करून पाहा. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी पडले की ते बरोबर एक लिटर होते. एप्रिल-मे महिन्यात लॉन हिरवी ठेवायची तर दिवसाला साधारण पाच मिलिमीटर पाणी द्यावे लागते. शाळेसमोर हजार चौरस मीटर लॉन धरली, तर रोज पाच हजार लिटर लागतील. हे झाले एका लहान टँकरएवढे पाणी. मे महिन्याच्या सुट्टीत शाळेत एकही मूल नसताना, केवळ गवतासाठी, महिन्याला तीस टँकर! ज्या वस्तीत बायका त्याच टँकरमागे घागरी घेऊन रांगेत उभ्या असतात, त्या वस्तीवरूनच तो टँकर आपल्या फाटकात शिरेल. मुलांना आपण पर्यावरणाचा धडा पुस्तकातून शिकवू आणि खिडकीतून मात्र त्यांना हे दिसेल.

आता दुसरी बाजू पाहू. पाचशे चौरस मीटरच्या छपरावर वर्षाला ८०० मिलिमीटर पाऊस पडला तर चार लाख लिटर पाणी होते. वाया जाणारे वजा केले तरी तीन लाख लिटर हाती लागावे. हे पाणी तर आपल्या दारात चालत येते. त्याला पंप नको, टँकर नको. पण ते येते पावसाळ्यात, आणि लॉन मागते उन्हाळ्यात. तिची भूक आणि आपला पाऊस यांचे वेळापत्रक जुळत नाही. इथल्या झाडांचे मात्र जुळते, कारण त्यांनी हजारो वर्षे या पावसाबरोबरच दिवस काढले आहेत.

परदेशातला एक धडा

हा प्रश्न आपल्या एकट्याचा नाही. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याचे डेन्व्हर शहर रॉकी पर्वताच्या पायथ्याशी, सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे. तेथे पाऊस आणि हिम मिळून वर्षाला जे पाणी पडते ते आपल्या निम्म्याहूनही कमी भरते. पूर्वेकडच्या ओल्या प्रदेशातून आलेल्या लोकांनी सवयीप्रमाणे तेथेही घरापुढे हिरवळ केली. ज्या गवताला ते केंटकी ब्लूग्रास म्हणतात, ते मुळात केंटकीचेही नाही. युरोप-आशियातून तेथे गेलेले आहे. १९८१ मध्ये डेन्व्हरच्या पाणीपुरवठा संस्थेने यावर विचार करून ‘झेरिस्केप’ हा शब्द तयार केला. ग्रीक भाषेत ‘झेरोस’ म्हणजे कोरडे. कोरड्या मुलखाला शोभेल अशी बाग, असा त्याचा अर्थ. त्यात गवत अजिबात नको असे म्हटलेले नाही. ज्या जागी बसायचे, खेळायचे तेथे थोडे गवत, बाकी ठिकाणी कमी पाण्याची झाडे, सारखी तहान असलेली झाडे एका ठिकाणी, मुळाशी पालापाचोळ्याचे आच्छादन, अशी साधी शेतकरी शहाणपणाची सूत्रे त्यात आहेत.

पुढे २०२४ मध्ये कोलोरॅडोने कायदाच केला. २०२६ पासून तेथे दुकाने, कचेऱ्या, संस्था यांच्या आवारांत आणि रस्त्यांच्या कडेला नुसत्या शोभेची नवी हिरवळ लावता येत नाही. खेळाचे मैदान त्यातून वगळले आहे. गंमत अशी की त्या राज्यात २०१६ पर्यंत घरावरचे पावसाचे पाणी पिंपात साठवायलाही बहुतेकांना परवानगी नव्हती, कारण ते पाणी नदीच्या खालच्या हक्कदारांचे मानले जाई. आता दोन पिंपांपुरती, मिळून सव्वाचारशे लिटरच्या आत, मुभा आहे. आपल्याला पावसाचा थेंब न् थेंब साठवायची मोकळीक असताना आपण टँकरचा रस्ता धरायचा, हे शहाणपणाचे नव्हे.

त्याच राज्यातून अंतराचाही धडा मिळतो. ॲस्पेन नावाचे डोंगरातले श्रीमंतांचे गाव आहे. तेथील हॉटेलांत, बांधकामांवर, बागांत राबणाऱ्यांना त्या गावात घर परवडत नाही. म्हणून ते दरीत खाली राहतात आणि रोज वर कामाला जातात. ग्लेनवूड स्प्रिंग्ज हे त्यांचे एक गाव ॲस्पेनपासून सुमारे ६५ किलोमीटरवर आहे. हिमवर्षावात तो रस्ता गाडीने तोडणे सोपे नाही. म्हणून तेथील गावांनी एकत्र येऊन बससेवा उभी केली आणि २०१३ मध्ये तिच्यावर जलद बसमार्ग सुरू केला. अमेरिकेच्या ग्रामीण भागातला असा तो पहिला मार्ग. प्रवास टाळता येत नसेल तर त्याची व्यवस्था सर्वांनी मिळून करायची असते, प्रत्येकाने आपापल्या पेट्रोलवर सोडायची नसते, एवढे तरी त्यातून घ्यावे.

आपल्या माळावर काय शोभेल?

नैसर्गिक बाग म्हटले की काही पालकांच्या डोळ्यांपुढे काटेरी रान उभे राहते. पण या माळाइतकी देखणी बाग पैसे देऊनही मिळणार नाही. तरवडाचे पिवळे फूल घ्या. तेलुगूत त्याला तंगेडू म्हणतात. बतुकम्मा रचताना हेच फूल लागते आणि तेलंगणाचे ते राज्यफूल आहे. त्याला वरून पाणी घालावे लागत नाही. सीताफळ तर या टेकड्यांचे स्वतःचेच वाटावे इतके येथे रुळले आहे. बंजारा हिल्सजवळच्या केबीआर उद्यानातही ते खडकांमधून वाढलेले दिसते. पळस, बहावा, करंज, कडुलिंब, बोर, खैर यांची फुले, सावली, फळे वेगवेगळ्या महिन्यांत येतात. पळस फुलतो तो नेमका पाने झडल्यावर, उन्हाच्या तोंडावर, जेव्हा लॉन पिवळी पडलेली असते.

आणि शमी. दसऱ्याला आपण आपट्याची पाने सोने म्हणून वाटतो. तेलंगणात त्या दिवशी ‘जम्मी’ म्हणजे शमीची पाने एकमेकांना देतात. शमी हा या राज्याचा राज्यवृक्ष. आपटा आणि शमी ही दोन्ही कोरड्या मुलखातली चिवट झाडे आहेत. शाळेच्या फाटकाच्या एका बाजूला आपटा आणि दुसऱ्या बाजूला शमी लावली, तर आपण कोण आहोत आणि कोठे राहतो, हे दोन्ही मुलांना न सांगता कळेल. सिमेंटच्या कारंज्यापेक्षा हे स्वागत मला अधिक चांगले वाटते.

दिसायला हिरवे ते सगळे चांगले, असे मात्र नाही. झटपट वाढते म्हणून शहराशहरांतून कोनोकार्पस लावला गेला. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. आरोग्याला होणारा उपद्रव आणि जमिनीखालच्या नळांत शिरणारी मुळे ही त्यामागची कारणे होती. वेडी बाभूळ अशीच कोणी तरी चांगल्या हेतूने आणली आणि आता ती काढता निघत नाही. म्हणून रोपे निवडताना रोपवाटिकेवाल्याच्या सल्ल्याबरोबर आसपासच्या टेकडीवर आधीपासून काय उगवते, तेही पाहावे.

खडकांबद्दलही एक शब्द. जागा सपाट करायची म्हणून सुरुंग लावून धोंडे फोडण्याची आपल्या शहराला घाई झाली आहे. हे धोंडे वाचावेत म्हणून ‘सोसायटी टू सेव्ह रॉक्स’ ही संस्था १९९६ पासून काम करते आहे. २०२५ मध्ये हैदराबाद विद्यापीठालगतच्या कांचा गच्चीबावलीच्या चारशे एकर जागेवर झाडे पाडण्यास सुरुवात झाली, तेव्हा विद्यार्थी पुढे आले आणि एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते काम थांबवले. मग शाळेने आपल्याच आवारातले धोंडे फोडावेत काय? उघड्या खडकावरचे पाणी वाहत येऊन त्याच्या पायथ्याच्या मातीत मुरते. म्हणून खडकाच्या कुशीतले झाड उन्हाळ्यातही टिकते. धोंडा ठेवला तर तो सावली देतो, पाणी गोळा करतो आणि भूगोलाच्या तासाला फळ्याची गरज भासत नाही.

विंचू-सापांची पालकांची भीती मी खोटी मानत नाही. नैसर्गिक बाग म्हणजे दुर्लक्षित बाग नव्हे. वर्गांजवळची जागा आणि पायवाटा साफ हव्यात, खेळाचे मैदान मोकळ्या मुरमाचे हवे. खो-खो आणि कबड्डीला तसेही गवत लागत नाही. इमारतीलगतचे वाळलेले गवत उन्हाळ्यापूर्वी कापलेच पाहिजे. कोलोरॅडोतच ३० डिसेंबर २०२१ रोजी वाळलेल्या गवतातून वाऱ्याने पसरलेल्या आगीत हजारांहून अधिक घरे जळाली, हे विसरू नये. बालवर्गासाठी एक छोटा हिरवळीचा तुकडा असावा, त्यालाही माझी हरकत नाही. झाडांना पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळ्यात पाणी लागेल, हेही खरे. पण त्यानंतर ती आपल्या पायावर उभी राहतात. लॉन कधीच राहत नाही.

मुलांच्या तासांचा हिशेब

बागेतली चूक दुरुस्त करता येते, गवत काढून झाड लावता येते. पण इमारत चुकीच्या अंतरावर बांधली तर ती उचलून आणता येत नाही. म्हणून प्रवासाचा प्रश्न अधिक गंभीर आहे.

आपली वस्ती एके काळी सुलतान बाजार, काचीगुडा या भागांत एकवटलेली होती. मुले चालत शाळेत येत. आता नोकऱ्या माधापूर-गच्चीबावलीकडे गेल्या, घरे चारी दिशांना पांगली. अशा स्थितीत शाळा एका टोकाला, रिंग रोडच्या पलीकडे नेली, तर एका बाजूच्या मुलांना ती जवळ होईल आणि बाकी तीन बाजूंच्या मुलांना फार दूर. बसला जाताना एक तास, येताना एक तास धरला, तर वर्षाच्या दोनशे दिवसांत चारशे तास होतात. शाळेचा दिवस सहा तासांचा धरला तर सहासष्ट दिवसांहून अधिक शाळा मूल बसमध्येच काढणार! तेवढे तास त्याच्या झोपेतून, खेळातून, आजी-आजोबांजवळ बसण्यातून कापले जाणार. आमच्यासारख्या घरांत मराठी टिकते ती त्याच वेळात.

खरी भीती याहून मोठी आहे. आपल्या शाळेत मूल घालणे हा आता प्रत्येक घराचा निवडीचा प्रश्न झाला आहे. गल्लीच्या तोंडाशी इंग्रजी शाळा असते. मराठीच्या प्रेमाखातर पालक अर्ध्या तासाचा प्रवास सोसतात, दीड तासाचा सोसणार नाहीत. पाचवीपर्यंत सोसतील, सहावीला नाव काढतील. अंतर वाढले की पट घटतो, पट घटला की तुकडी बंद होते. मग प्रशस्त आवार, हिरवी लॉन आणि रिकामे वर्ग, अशी वेळ येईल. मोठ्या जागेसाठी शाळा नको, शाळेसाठी जागा हवी.

माझ्या सूचना

टीका करून थांबणे बरे नव्हे, म्हणून विश्वस्त मंडळापुढे काही सूचना नम्रपणे ठेवतो.

पहिली, जागेची किंमत पाहण्याआधी सध्याच्या सर्व विद्यार्थ्यांचे पत्ते नकाशावर टिंबांनी मांडावेत. आठवी-नववीची मुले हे काम आनंदाने करतील. कोणत्याही मुलाचा एका बाजूचा प्रवास पाऊण तासाहून अधिक होऊ नये, अशी मर्यादा ठरवावी आणि त्या मर्यादेतच जागा शोधावी.

दुसरी, बालवर्ग आणि प्राथमिक वर्ग सध्याच्याच जागी ठेवावेत. मोठ्या मुलांचे वर्ग नव्या जागी न्यावेत. म्हणजे इथली दाटीही कमी होईल आणि लहानांची पायपीटही टळेल.

तिसरी, नवी जागा शक्यतो मेट्रोच्या किंवा सरकारी बसच्या मार्गालगत असावी. शहरात मेट्रो २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२० मध्ये सुलतान बाजारवरून जाणारा मार्गही खुला झाला. डिसेंबर २०२३ पासून तेलंगणात मुलींना आणि स्त्रियांना सरकारी साध्या व एक्स्प्रेस बसचा प्रवास मोफत आहे. वरच्या वर्गातल्या मुलींच्या घरचा बसखर्च यातून वाचू शकतो. जेथे फक्त शाळेचीच बस पोहोचते, अशा जागेवर शिक्षकांना आणि शिपायांनाही रोज यायचे आहे, हे लक्षात असू द्यावे.

चौथी, निर्णयापूर्वी विश्वस्तांपैकी दोघा-तिघांनी एक आठवडा सकाळच्या गर्दीत त्या जागेपर्यंत बसने जाऊन यावे. रविवारी मोटारीने पाहिलेले अंतर खरे नसते.

पाचवी, आराखडा काढणाऱ्याला आधीच सांगावे की खडक फोडायचे नाहीत, छपराचे सर्व पाणी साठवायचे किंवा मुरवायचे, शोभेची लॉन करायची नाही आणि पालापाचोळा जाळायचा नाही. रोपे पहिल्या पावसाबरोबर, मृगात लावावीत. प्रत्येक वर्गाने एक झाड दत्तक घ्यावे आणि दहावी होईपर्यंत त्याची नोंदवही ठेवावी.

या सूचना सर्वांना पटतील असे नाही. जवळची जागा महाग असते, विश्वस्तांच्या हाती पैसा मोजका असतो, याची मला जाणीव आहे. पण स्वस्त जमिनीची उरलेली किंमत नंतर कोणीतरी भरतच असते. पाण्याच्या बाबतीत ती टँकरच्या रांगेतली वस्ती भरते आणि अंतराच्या बाबतीत बसच्या खिडकीला डोके टेकून झोपलेली मुले भरतात. ही किंमत कोणाच्या माथी मारायची, याचा निर्णय जमीन घेण्यापूर्वी व्हावा. पुढील पालकसभेत या विषयाला निदान एक तास स्वतंत्र मिळावा, अशी माझी विश्वस्त मंडळाला विनंती आहे. आणि पालकांना विनंती ही, की त्या सभेला यावे.